ओडेलच्या अँपची नक्कल

१

दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं भाऊ ओडेलचा अँप पिकअपच्या मागं चढवायचो आणि वायनेल कॅगलच्या नाचघरात नेऊन उतरवायचो. गिटारच्या तारेचा चिमूटभर आवाज घेऊन त्याचा घरभर करणारं खोकं ते, दुसरं काही नाही. पण वजन माजलेल्या डुकराएवढं. उचलताना मी शिव्या द्यायचो आणि ओडेल हसायचा.

अँप त्यानं स्वतः जोडलेला. तालुक्याचं जुनं थेटर मोडलं तेव्हा त्यानं आतल्या आवाजाच्या मशिनीचे सुटे भाग उचलून आणले आणि शेडमध्ये बसून त्यांचा हा अँप केला. आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. पहिलं बटण दाबलं की ते हळूहळू तांबडे होतात, आणि ते तापल्याशिवाय दुसरं बटण दाबायचं नाही. तेवढा वेळ ओडेल शेजारी दुधाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसायचा, एक हात अँपवर टाकून. मग मी गिटार वाजवायला लागलो तरी हा तिथंच. नाच संपून बटण बंद होईपर्यंत उठायचा नाही. लघवी लागली तरी नाही.

आमच्या बापाची सॉ मिल होती. चालू करवत सोडून जो बाजूला झाला त्याला तो कमरेच्या पट्ट्यानं फोडायचा, मग पोरगं असो की मजूर. मिल कधीच गेली. पण ओडेलच्या अंगातून ते काही गेलं नाही. मशीन चालू आहे तोवर माणसानं शेजारी बसायचं. त्याला विचारलं का, तर म्हणायचा, "का म्हणजे? चालू आहे ना."

आणि हा माणूस म्हणजे आवाजाचं पोतं. गुडघा वाजायचा, कवळी वाजायची, नाकातून शीळ निघायची. कॉफी अशी ओढायचा की शेजारच्या शेतात ऐकू जावी. खोकला तर पत्र्यावर पाना पडावा तसा. दोघांच्याही बायका नाहीत आता, घरात आम्ही दोघंच आणि एक कुत्रं. सकाळपासून माझं एकच चालायचं.

"गप बस की रे."

"घरात रेडिओ नाही म्हणून मी आहे. फुकट वाजतोय, ऐक."

२

वायनेल म्हणजे नाचघराची मालकीण. ओठात सिगारेट, आणि बोलली की खडीवरून टायर गेल्यासारखं वाटतं. मागच्या कुरणात शहरातल्या लोकांनी नवीन घरं बांधली होती. त्यांना गायींचा वास चालत नाही, कोंबडा चालत नाही, शनिवारचा नाच तर बिलकूल नाही. त्यांच्या तक्रारीवरून शेरीफची पोलीस गाडी सारखी दारात.

"व्हर्लन, तो अँप बंद," ती म्हणाली. "नाहीतर माझं दार बंद. तुझं तू ठरव."

"बारीक आवाजात वाजवतो."

"तुझा बारीक आवाज माहीत आहे मला. बारच्या बाटल्या सरकतात."

मी खरं तेच सांगितलं. व्हॉल्व्हचा अँप बारीक वाजवला की नुसता कण्हतो. त्याला कष्टवावं लागतं, तेव्हा तो बोलतो. ती म्हणाली, मग कष्ट न करता बोलणारा डबा घे. हल्ली सगळ्यांकडं आहे. जगातल्या कुठल्याही अँपची नक्कल करतो. गिटारची वायर डब्यात घालायची, डब्याची वायर हॉलच्या स्पीकरमध्ये, आवाज पाहिजे तेवढा ठेवायचा.

"माझ्या भावाच्या अँपची नक्कल कुठल्या डब्यात आहे?"

"नसेल तर करून घेऊ. माणूस सांगितलाय मी."

म्हणजे हिनं आधीच ठरवलं होतं. मी तिला जे बोललो ते लिहीत नाही. तीही गप बसली नाही.

माणूस मंगळवारी नाचघरात आला; अँप आम्ही सकाळीच नेऊन ठेवला होता. ब्राइस हॅडॉक. चाळिशीचा, पांढरे बूट, गाडीत नुसत्या वायरी. गावोगाव फिरून जुन्या अँपच्या नकला काढायच्या आणि इंटरनेटवर टाकायच्या, हा त्याचा धंदा. मला 'मिस्टर व्हर्लन' म्हणाला तेवढं एक बरं. घरचं वळण दिसलं.

त्यानं ओडेलच्या अँपसमोर माइक लावला, वायनेलनं मागवलेल्या डब्यातून अँपला वायर जोडली आणि सगळ्यांना बाहेर काढलं.

"डबा अँपला काही आवाज पाठवतो," तो म्हणाला. "अँप त्याचं काय करतो ते ऐकतो. त्यावरून शिकतो. त्या वेळी खोलीत कुणी नको."

आम्ही दाराशी आलो. ओडेल क्रेटवरच.

"मिस्टर ओडेल, तुम्ही पण."

"चालू आहे ना तो," ओडेल म्हणाला.

"दहा मिनिटांचं काम आहे."

"असू दे."

ब्राइसनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, त्याला ओढून काढायचं तर आधी क्रेन आण. तो हसला. म्हणाला, बसायचं तर बसा, पण अँपला हात लावू नका आणि आवाज करू नका. ओडेलनं मान हलवली. हात काही काढला नाही.

मी दारातून बघत होतो. डब्यानं आधी नुसता श्वास सोडल्यासारखा आवाज पाठवला. मग खालून वरपर्यंत चढत जाणारी किंकाळी, मग टकटक, मग पुन्हा श्वास. मी आयुष्यभर स्पीकरच्या भोंग्यासमोर उभा राहिलोय, आवाजाला घाबरत नाही. पण अंधारात कुणी भिंत चाचपत यावं तसा तो आवाज होता. टकटक करायचा, थांबायचा, जरा सरकून पुन्हा टकटक. एकदा तर ओडेलचा गुडघा वाजला, आणि लगेच अँपमधून तसाच एक आवाज आला. तो डब्यानं काढला की ओडेलच्या दुसऱ्या गुडघ्यानं, मला कळलं नाही.

काम झाल्यावर ब्राइसनं मला पाठ फिरवायला लावली. एकदा अँपमधून वाजवलं, एकदा डब्यातून. कुठला कुठला ओळखा म्हणाला.

मी चुकलो. तीनदा विचारलं, तीनदा चुकलो. वायनेल खोकल्यासारखी हसली. मला त्या माणसाचे पांढरे बूट चिखलात तुडवावेसे वाटले.

ओडेल मात्र खूष. ब्राइस म्हणाला, ही नक्कल मी सगळ्यांना फुकट देणार, नाव तुमचंच टाकतो. ओडेलनं स्वतःचं नाव त्याला अक्षर अक्षर सांगितलं.

३

पहिल्या शनिवारी डब्यावर वाजवलं. वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. लोक नाचले. कुणाला फरक पडला नाही. अँप घरी शेडमध्ये, आणि ओडेलला बसायला काही कारणच नाही, म्हणून तो बाहेर बाकावर तळलेला मासा खात बसलेला.

एक गाणं संपलं. तारा थांबवायला मी त्यांच्यावर पंजा ठेवला. सगळं शांत झालं, आणि हॉलच्या स्पीकरमधून ओडेल खोकला.

तोच खोकला. मी मागं वळलो. मागं कुणी नव्हतं. खिडकीतून ओडेल दिसत होता, तोंडात मासा, कुणाशी तरी हात हलवत बोलत होता.

मी पुन्हा एक सूर छेडून तारा दाबल्या. आता शीळ. नाकातली.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. नाचघरात खोकला ऐकून कोण दचकतं?

सोमवारी मी ब्राइसला फोन लावला. म्हणलं, तू माझ्या भावाचा खोकला डब्यात भरलास. नीट काढ.

"शक्य नाही, मिस्टर व्हर्लन. डबा आवाज साठवत नाही. टेपरेकॉर्डर नाही तो. आत काय गेलं तर बाहेर काय यायला पाहिजे, एवढंच तो शिकतो."

"मग खोकला कुठून आला?"

"तिथं कुणीतरी खोकलं असेल."

मी फोन आपटला. पण बोलला ते खोटं म्हणता येईना. भरलेल्या हॉलमध्ये खोकणाऱ्यांची कमी नसते, आणि मी जन्मभर भोंग्यापुढं उभा राहिलेला माणूस. उजव्या कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडतात. माझ्या कानांवर मी कोर्टात शपथ घेणार नाही.

४

घरात काय चाललंय ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी चुलीपाशी अंडी तळत होतो. पाठ दाराकडं. वळलो तर ओडेल टेबलाशी बसलेला, अर्धी कॉफी संपवलेली.

"कधी आलास?"

"मघाशीच. बोलतोय की तुझ्याशी केव्हापासून."

त्याचा आवाज लांबून आल्यासारखा होता. शेजारच्या खोलीतून यावा तसा. मी म्हणलं, मोठ्यानं बोल. तो म्हणाला, मोठ्यानंच बोलतोय, तुझे कान गेलेत. आणि कॉफीचा घोट घेतला.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. ओठ पुढं आले, गाल आत गेले, गळ्याची घाटी हलली. आवाज नाही.

कुत्रं टेबलाखाली झोपलं होतं. ओडेल उठून त्याच्या नाकाजवळून बूट घालून चालत गेला, तरी त्यानं कान हलवला नाही. हे कुत्रं पान पडलं तरी भुंकतं.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावरचा चमचा उचलून फरशीवर टाकला. खणखणीत वाजला. कुत्रं उठून भुंकायला लागलं. म्हणजे माझे कान आहेत.

"हे काय नवीन?" ओडेल म्हणाला.

"तू टाक."

"काय?"

"चमचा टाक."

त्यानं माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं, वाकला, चमचा उचलला आणि सोडून दिला. चमचा फरशीवर पडला, उडाला, गोल फिरला, थांबला. मी डोळ्यानं बघितलं. ऐकू काहीच आलं नाही. कुत्रं भुंकायचं थांबलं आणि चमच्याकडं बघत मागं सरकायला लागलं.

"झालं समाधान?" ओडेल म्हणाला. त्याला वाजलेला ऐकू आला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हणलं, तुला काही होतंय का? दुखतंय का कुठं?

त्यानं विचार केला. छातीवर हात ठेवला. "दुखत नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखं होतं मधूनच. वळून बघितलं की कुणी नसतं."

"कुठून?"

"सगळीकडून," तो म्हणाला, आणि अंड्यांकडं बोट दाखवलं. "जळली ती."

५

त्या आठवड्यात मी त्याच्याशी भांडलो नाही. भांडायला आवाज दोन लागतात. तो रोज आणखी लांब जात होता. बुधवारी शेडमधून ओरडल्यासारखा. गुरुवारी रस्त्यापलीकडून. समोर उभा असायचा, माझ्या खांद्याला हात लावायचा, आणि आवाज मक्याच्या शेताच्या त्या टोकाकडून यायचा. डॉक्टरकडं चल म्हणलं तर मलाच म्हणाला, तू जा, कान दाखव.

मी पुन्हा ब्राइसला फोन केला.

"मिस्टर व्हर्लन, मीच करणार होतो फोन. तुमच्या भावाचा अँप तुफान चाललाय. माझ्या सगळ्या नकलांत एक नंबर. लोक म्हणतात यात जीव आहे, नुसता सूर नाही."

"किती लोकांनी घेतलाय?"

"मोजत नाही आता. जर्मनी, ब्राझील, जपान. रोज वाढतंय. झोपायच्या आधी हाच लावतात म्हणे काही जण."

"काढून टाक."

"का?"

माझ्या भावाचा चमचा वाजत नाही, हे मी पांढऱ्या बुटवाल्याला फोनवर कसं सांगू? म्हणलं, काढ, नाहीतर येऊन हात मोडीन.

तो दुखावल्यासारखा बोलला. "काढतो. पण ज्यांनी घेतलाय त्यांच्या डब्यात तो आहेच. तो परत नाही येत. लोकांनी पुढं लोकांना दिलाय."

मी गाडी काढली आणि नाचघरावर गेलो. दुपारची वेळ, वायनेल एकटीच बार पुसत होती. स्टेजवर डबा, त्याचा हिरवा दिवा चालू. मी सरळ जाऊन वायरी उपटायला लागलो.

"ए, माझा आहे तो," ती म्हणाली.

"बंद का नाही केलास?"

"राहिला असेल. कुणाचं काय खातोय." मग तिनं सिगारेट झटकली. "व्हर्लन, ओडेल बरा आहे ना?"

"का?"

"काही नाही. परवा मला वाटलं तो आलाय. मोरीत शीळ घालतोय असं वाटलं. मी दोनदा हाक मारली, ये बाहेर, गोड चहा केलाय. तर कुणी नाही." तिनं सिगारेटनं स्पीकरकडं दाखवलं. "तिथून येत होती."

"आणि तू ऐकत बसलीस?"

"मग काय करू? शीळच घालत होता. चावत नव्हता." पण फडकं तिनं जागीच धरून ठेवलं होतं. "आधी शीळ घालायचा. काल नुसतं 'कोण आहे, कोण आहे' चाललं होतं. मी टीव्ही मोठा केला."

मी डबा काखेत मारला. तिनं अडवलं नाही.

घरी जाताना वाटेत नदीचा पूल लागतो. मी गाडी थांबवून उतरलो. डबा कठड्यावर ठेवला. ढकलायचा तेवढा बाकी होता. हात पुढं केला आणि थांबलो. आत जर तो असेल तर? तो जातोय कुठं ते मला माहीत नव्हतं. आणि हा एक डबा बुडवून जपानचे डबे बुडत नाहीत.

मागून एक ट्रक हॉर्न मारत होता. मी त्याला मधलं बोट दाखवलं आणि डबा परत गाडीत ठेवला.

६

रविवारी ओडेलचा आवाज गेला. ओठ हलत होते, एवढंच. चर्चला जायला कपडे घालून उभा होता, मला काहीतरी सांगत होता, मग माझा चेहरा बघून थांबला. त्याला पहिल्यांदा कळलं बहुतेक. खाली बसला.

मी म्हणलं, ऊठ. शेडमध्ये चल.

माझं म्हणणं साधं होतं. डब्यानं जे नेलं ते अँपसमोर बसवून नेलं. मग अँपसमोर बसवूनच ते परत आणायचं. ह्याला अक्कल म्हणा नाहीतर गाढवपणा. दुसरं काही सुचत नव्हतं.

अँप भिंतीला होता. मी क्रेट शेजारी ठेवला. ओडेल बसला, हात अँपवर टाकला. बघून जरा बरं वाटलं. पहिलं बटण दाबलं. व्हॉल्व्ह तांबडे झाले. थांबलो. दुसरं दाबलं. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवली आणि वाजवायला लागलो.

त्या दिवशी तो अँप बोलला तसा कधी बोलला नव्हता. पत्रा थरथरत होता, फळीवरचे खिळ्यांचे डबे खाली पडत होते. कुत्रं कुंपणाखालून पळालं. नवीन घरांत राहणाऱ्या लोकांनी शेरीफला फोन केला असेल तर केला असेल. मी वाजवत राहिलो, ओडेलकडं बघत. त्यानं डोळे मिटले होते.

वाजवतच मी त्याच्याजवळ सरकलो. म्हणलं बघू, आता गुडघा वाजतो का. जरा वाकलो, कान त्याच्या खांद्याजवळ नेला.

तिथं आवाज नव्हता.

अँप हाताच्या अंतरावर होता. माझी बोटं तारांवर चालू होती, तारा हलताना दिसत होत्या, बुटाच्या तळव्याला जमीन थरथरताना लागत होती. पण ओडेल बसला होता तेवढ्या जागेत काही नव्हतं. मी डोकं बाहेर काढलं, शेड हादरत होतं. आत नेलं, काही नाही. बाहेर. आत. त्या जागेला कड होती. खांद्याची कड, मानेची, डोक्याची. त्याच्या अंगाला लागून, त्याच्याच मापाची.

आत माझ्या उजव्या कानातले रातकिडेसुद्धा नव्हते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी श्वास घेतोय तोही ऐकू येत नाही, आणि ती कड माझ्या गळ्यावरून खाली छातीकडं सरकतेय.

मी मागं उडी मारली. गिटार पडली, अँप किंचाळायला लागला. मी बटण बंद केलं.

ओडेल माझ्याकडंच बघत होता. ओठ हलत होते. तेच तेच. काहीतरी एकच सांगत होता, पुन्हा पुन्हा. मी म्हणलं, कळत नाही रे. सावकाश. त्यानं सावकाश केलं. तरी कळलं नाही. आयुष्यभर मी त्याला गप बस म्हणत आलो, त्याच्या तोंडाकडं बघायची सवय कुणाला?

लिहून दे म्हणलं. पेन्सिल दिली. त्यानं ती फळीवर टेकवली आणि तीन-चार रेघा ओढल्या. लाकडावर काहीच उमटलं नाही. पेन्सिलीचं टोक होतं, मी स्वतः बघितलं होतं.

७

डबा मी स्वैपाकघराच्या टेबलावर ठेवला. छोटा स्पीकर लावला. ओडेल समोरच्या खुर्चीत बसला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, फ्रीज घरघरत होता, भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. मी गिटारची वायर डब्यात घातली.

ओडेलनं मान हलवली. जोरात. नाही, नाही.

"मला ऐकायचंय तू काय म्हणतोस," मी म्हणलं. "एकदाच."

एक सूर छेडला. तारा दाबल्या.

"व्हर्लन," स्पीकर म्हणाला.

आवाज जवळचा होता. आठवडाभरात एवढ्या जवळून मी त्याला ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मनगटानं पुसलं. समोर त्याचे ओठ हलत होते, तेच तेच. पण आवाज सुराच्या शेपटीबरोबर विझायचा. एका सुरात वाक्याचा एखादा तुकडा, बस.

मी पुन्हा छेडला.

"इथं लोक..."

घड्याळ ऐकू येईना झालं. काटा फिरत होता.

मी थांबायला पाहिजे होतं. पण तुमचा भाऊ अर्धं वाक्य बोलून अडला तर तुम्ही काय कराल ते मला सांगू नका. मी पुन्हा छेडला.

"...सगळे एकदम..."

"काय सगळे एकदम? ओडेल?"

त्याला माझं बोलणं पोचत होतं का नाही, मला माहीत नाही. समोरचा ओडेल हात पुढं करून माझ्या तारांवर ठेवायला बघत होता. हात तारांवर होता. मला दिसत होता. माझी बोटं त्याच्या बोटांखालून फिरत होती आणि लागत काहीच नव्हतं. मी छेडला.

"...ओढतात. त्याचं..."

फ्रीज गेला. म्हणजे त्याचा दिवा चालू, फक्त घरघर गेली. ओडेल पलीकडं बसला होता, आणि आता तो फ्रीजवरचं कॅलेंडर झाकत नव्हता. मला कॅलेंडर दिसत होतं. तो त्याच्या पुढंच बसला होता.

छेडला.

"...काही नाही. पण तुझा..."

"माझा काय?"

माझा आवाज मला ऐकू आला नाही. घशात हललेला तेवढा कळला. ओडेल नाही, नाही करत होता. आता त्याच्याकडं बघायला डोळे बारीक करावे लागत होते, उन्हात रस्त्यावर दूरचं बघावं तसं. एक शब्द राहिला असेल, फार तर दोन. मी छेडला. तारा दाबल्या आणि कान स्पीकरला लावला.

"...हात ओळखतो मी. तू तरी वाजवू नकोस."

मी गिटार खाली ठेवली. वायर काढली. डब्याचं बटण बंद केलं. समोर खुर्ची होती, टेबलापासून मागं सरकलेली, कुणी बसल्यावर असते तशी. तिच्यात तो होता का नाही, मी सांगू शकत नाही. मी तिच्याकडं बघत बसून राहिलो. हात मांडीखाली दाबून धरले होते.

ऊन खिडकीतून सरकलं. इथं दुपार कलायला लागली होती. जर्मनीत रात्र झाली असणार. लोक जेवून उठले असतील, दार लावून घेत असतील, गिटार मांडीवर घेत असतील. झोपायच्या आधी जरा.

खुर्ची हलली, कुणीतरी ओढल्यासारखी.